खाडीच्या चिखलात सापडलेली अंगठी कोणाची? शोधायची कशी, ओळखायची कशी?

गणपती विसर्जनाच्या रात्री एखादी बाई घाटाच्या पायरीवर मोबाईलचा टॉर्च धरून खाली वाकलेली दिसते. मंगळसूत्र तुटलेलं असतं किंवा मूर्तीच्या गळ्यातली चेन काढायची राहून गेलेली असते. कोपर, डोंबिवली, दिवा या पट्ट्यात विसर्जन उल्हास खाडीत होतं. इथे चौपाटीची वाळू नाही, गुडघाभर चिखल आहे. मग 'मेटल डिटेक्टर आणा' असं कोणीतरी सुचवतं. त्याचा उपयोग होतो का?

होतो, पण मर्यादा आहेत. डिटेक्टरच्या कॉईलभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र असतं. ते धातूत बारीक प्रवाह निर्माण करतं आणि त्या प्रवाहाची चाहूल लागली की यंत्र वाजतं. गंमत अशी की खारं पाणीही वीजवाहक असतं, त्यामुळे साधं स्वस्त यंत्र ओल्या वाळूवर उगाचच किंचाळत राहतं. अशा ठिकाणी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं किंवा पल्स प्रकारचं यंत्र लागतं. तरीही बारीक कड्यांची चेन त्याला नीट 'ऐकू' येत नाही, अखंड गोल अंगठी लगेच येते. मंगळसूत्रात काळे मणी काचेचे, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने नसल्यातच जमा. सापडल्या तर वाट्या सापडतात. ॲल्युमिनियमचा तुकडाही सोन्यासारखाच आवाज देऊ शकतो, म्हणून जाणकार शोधणारा प्रत्येक खुणेला खणतो.

यंत्राइतकीच वेळ महत्त्वाची. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे उधाण. भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी, आणि एरवी पाण्याखाली असलेला चिखल उघडा पडतो. गौरी-गणपतीचं विसर्जन अष्टमी-नवमीच्या आसपास येतं, तेव्हा भांग असतो आणि पाणी तेवढं मागे हटत नाही. सोनं वाळूच्या कणापेक्षा कितीतरी जड, म्हणून ते फार वाहून जात नाही, जागच्या जागी खाली रुतत जातं. पहिल्याच ओहोटीला शोधा. मात्र खाडीच्या चिखलात एकट्याने उतरू नका, पाय रुतला की भरती थांबत नाही.

समजा, काहीतरी हाताला लागलं. ते सोनं आहे का? सोन्याला खाऱ्या पाण्याने काही होत नाही. पितळ हिरवट पडतं. चांदी मात्र खाडीच्या चिखलातल्या गंधकामुळे काळीकुट्ट होते, त्यामुळे जोडवी भंगार समजून फेकली जातात. लोहचुंबकाने फार काही कळत नाही, कारण पितळही चिकटत नाही. त्यापेक्षा घरच्या घरी एक चाचणी करा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा आणि दागिना दोऱ्याने पाण्यात बुडवा, तळाला टेकू देऊ नका. दहा ग्रॅमचा दागिना २२ कॅरेटचा असेल तर काटा साधारण ०.५७ दाखवेल, पितळेचा असेल तर १.२ च्या जवळ. पोकळ किंवा लाख भरलेल्या वाट्यांना ही युक्ती लागू नाही. त्यासाठी सराफाची कसोटी किंवा कॅरेटोमीटर.

आता खरा प्रश्न: मालक कोण? आतल्या बाजूला भिंगाने बघा. बीआयएसचं चिन्ह, २२के९१६ अशी शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी दिसेल. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की दागिन्याचा प्रकार आणि हॉलमार्क करून घेणाऱ्या सराफाचा नोंदणी तपशील मिळतो. ग्राहकाचं नाव मिळत नाही. पण सराफाच्या बिलबुकापर्यंत माग काढता येतो, आणि ते काम पोलिसांनी केलेलं बरं.

अंगठीवर कोरलेलं नाव हा जुना पुरावा. कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल'मध्ये माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडते आणि नाव वाचून शिपाई बिचाऱ्या कोळ्यालाच चोर म्हणून पकडतात. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी हीच कथा मराठी संगीत रंगभूमीवर आणली. कोळ्याची अडचण आजही कोणावर येऊ शकते, म्हणून कायदा माहीत हवा.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार सापडलेल्या वस्तूचा ताबा घेणारा तिचा राखणदार ठरतो, मालक नाही. मालक शोधण्याचा खर्च मिळेपर्यंत ती स्वतःकडे ठेवता येते. जाहीर केलेलं बक्षीस मागता येतं. पण मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करताच ती आपलीशी केली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू होऊ शकतं: किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं कैद आणि दंड. जमिनीत पुरलेलं जुनं धन मिळालं तर नियम वेगळा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हो, दहाच रुपये.

म्हणून सापडल्या जागेचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करून पोच घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं असेल तर 'विसर्जन घाटाजवळ सोन्याचा दागिना सापडला आहे' एवढंच लिहा. फोटो टाकला की दहा जण 'माझाच' म्हणतील. वजन, कोरलेली अक्षरं, तुटलेल्या कडीची जागा, वाटीवरचा पोचा हे सगळं झाकून ठेवा आणि विचारणाऱ्याला सांगू द्या. खरी मालकीण बहुतेकदा बिलाआधी तो पोचाच सांगते.