काठमांडूच्या सभागृहात पुण्याचा वॉचमन

बाहेर लाझिम्पाटच्या रस्त्यावर पाऊस कोसळतोय. हॉटेल शंकर हा राणांच्या काळातला महाल. त्याच्या पोर्चमध्ये माणसं छत्र्या मिटतायत आणि टेबलावरच्या ढिगातून आपापल्या नावाचं कार्ड शोधतायत. काठमांडूची 'सोशल सायन्स बहा' ही संस्था २०१२पासून पावसाळ्यात भरवत आलेली, नेपाळ आणि हिमालय यांवरची ही वार्षिक परिषद. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, सगळ्याच शाखांची माणसं जमली आहेत.

मी बसलोय ते सत्र स्थलांतराचं आहे. अछाम जिल्ह्यात क्षेत्रकार्य करणारी एक तरुण संशोधक निबंध वाचतेय. पडद्यावर नकाशा: पश्चिमेचे डोंगर, खाली धनगढी, मग सीमा, आणि तिथून मुंबई-पुण्यापर्यंत लांबच लांब रेघ. आखातात किंवा मलेशियाला निघालेल्या नेपाळी कामगाराला सरकारकडून श्रम स्वीकृती घ्यावी लागते, त्यामुळे त्याची नोंद राहते. भारताकडे येणाऱ्याला परवाना लागत नाही. १९५०च्या भारत-नेपाळ करारापासून दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांच्या देशात राहण्याची, काम करण्याची मोकळीक आहे. परवाना नाही म्हणून नोंदही नाही. "गावात कोण नाही ते मला घरोघर फिरून कळलं," ती म्हणते, "तो तिकडे कुठे झोपतो, आजारी पडला तर कुणाकडे जातो, हे मला गावातून कळत नाही."

मला कोथरूडच्या सोसायट्या दिसू लागतात. नेपाळी वॉचमनची पंपाशेजारची ती खोली, रात्रभर गेट, पहाटे गाड्या धुणं, बायकोकडे चार घरची धुणीभांडी. आमच्याकडे हा माणूस वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असतो, आणि त्याचं गाव कुठलं हे बिल्डिंगमधल्या कुणाला सांगता येत नाही. त्याच्याविषयीचं अर्धं ज्ञान अछाममध्ये पडलंय, अर्धं पुण्यात. जीवन राज शर्मा यांचं २०१८चं पुस्तक पाल्पा जिल्ह्यातल्या तरुणांच्या मागोमाग मुंबईपर्यंत येतं. असं काम आणखी किती व्हायला हवं!

प्रश्नोत्तरं सुरू होतात. दुसऱ्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक उठतात आणि मृदू आवाजात विचारतात, "बहिनी, गेल्या वर्षी तुम्ही मागे राहिलेल्या बायकांशी बोलणार म्हणाला होतात. त्याचं काय झालं?" ती वही उघडते आणि सांगू लागते. लावणीची मजुरी कुणाला द्यायची, सावकाराशी कोण बोलतं, सासऱ्याची संमती कुठे लागते. सभागृह लक्ष देऊन ऐकतंय. एकदाच भरलेल्या परिषदेत हा प्रश्न कुणी विचारला नसता. निबंध वाचला, प्रमाणपत्र घेतलं, संपलं. इथे गेल्या वर्षीचा शब्द लक्षात ठेवणारी माणसं पुन्हा समोर बसतात, म्हणून काम पुढे सरकतं.

चहाच्या वेळी व्हरांड्यात गर्दी आहे. पाटण्याहून आलेला एकजण कोशी नदीविषयी बोलतोय. १८ ऑगस्ट २००८ला बांध फुटला तो नेपाळमधल्या कुसहाला, आणि घरं बुडाली तिथल्या सुनसरी जिल्ह्यात तशी बिहारच्या अनेक जिल्ह्यांत. सुनसरीचा संशोधक त्याच्या वहीत नदीची जुनी पात्रं काढून दाखवतोय. लाहोरच्या एक प्राध्यापिका दोघांच्या मध्ये वाकून बघतायत. त्यांचा अभ्यास सिंधूच्या वरच्या खोऱ्यातल्या गावांचा. हिंदी, उर्दू, नेपाळी, इंग्रजी, जी जवळ असेल ती भाषा चालते.

या तिघांना एकत्र उभं राहायला उपखंडात जागा फार थोड्या उरल्या आहेत, आणि मला याचं खरंच दुःख होतं. जुलै २०१८मध्ये दिल्लीत 'एएएस-इन-एशिया' ही मोठी परिषद झाली. तेव्हा भारत सरकारने पाकिस्तानी अभ्यासकांना येऊ दिलं नाही. सार्कचं सचिवालय याच शहरात आहे. शेवटची शिखर परिषदही इथेच झाली, नोव्हेंबर २०१४मध्ये. त्यानंतर एकही नाही. नेते भेटत नसताना संशोधकांचं भेटणं थांबलं, तर शेजारच्या देशाबद्दल आपल्याला फक्त टीव्हीवरच्या चर्चांतून कळेल.

पुढच्या सत्राची घंटा वाजते. अछामवाली संशोधक पुण्याहून आलेल्या एका विद्यार्थिनीला थांबवून तिच्या वहीत गावांची नावं लिहून देतेय. त्या गावांतली माणसं पुण्यात शोधायचं काम आता त्या मुलीचं.

मुंबई-पुण्याच्या समाजशास्त्र विभागांनी आपले विद्यार्थी इथे पाठवावेत. विषय आपल्या गेटवर उभा आहे. भारतीयाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्रही चालतं.