बिननावाचा खोटा मासा

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला म्हसोबाची जत्रा भरते. तिथल्या बैलबाजारात जनावराच्या गळ्यात कुठल्या कंपनीचं लेबल नसतं. घेणारा दात बघतो: अदंत आहे, दोन दाती, चार दाती, की जुळलेला. मग खूर, खांदा, छाती. आणि सगळं पसंत पडलं तरी बैल चार पावलं चालवून बघितल्याशिवाय कुणी पैसे मोजत नाही. जुन्या बाजारातल्या ढिगाऱ्यातून उचललेला, छाप उडालेला ल्यूर पारखायची रीत हीच आहे. आधी अंग बघायचं, मग चाल बघायची.

ल्यूर म्हणजे खोटा मासा. लाकडाचा, प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा. पोटाखाली आणि शेपटीला गळ लावलेला. होडी चालू ठेवून तो मागे वीस-तीस मीटर तंगुसावर ओढत न्यायचा, याला ट्रोलिंग म्हणतात. (समुद्रतळ खरवडत जाळं ओढणारे ट्रॉलर वेगळे, त्यांचा इथे काही संबंध नाही.) समुद्रात सुरमई आणि कुप्यासारखे वेगवान शिकारी मासे असे धरतात. गोड्या पाण्यात महाशीर आणि शिवडा चालत्या आमिषावर झेप घेतात. मरळही शिकारी आहे, पण तो काठच्या गवतात दबा धरून बसतो, म्हणून उघड्या पाण्यात ओढलेल्या ल्यूरला क्वचितच भेटतो. शहापूर-मुरबाडच्या बाजूला भातसा, तानसा, मोडकसागर आणि बारवी अशी मोठी धरणं आहेत. मात्र धरणांमध्ये बीज सोडलेले कटला, रोहू, मृगळ हे प्लवक, शेवाळ आणि तळातला गाळ-कुजका पाला खाणारे. त्यांच्यापुढून दिवसभर सोन्याचा ल्यूर ओढला तरी ते वळून बघणार नाहीत. त्यामुळे कुठला ल्यूर घ्यावा याआधीचा प्रश्न असा, की आपल्या पाण्यात त्याला खाणारा मासा आहे का?

आता ल्यूर हातात घ्या. नाव शोधायचंच असेल तर रंगात शोधू नका, रंग आधी जातो. तोंडाखालच्या पारदर्शक पट्टीच्या खालच्या बाजूला आणि चमच्याच्या आकाराच्या ल्यूरच्या खोलगट पाठीवर ठसा असला तर तो टिकतो. तिथे नुसता आकडा सापडला तर तो बहुधा वजनाचा किंवा लांबीचा असतो. एक औंस म्हणजे 28.35 ग्रॅम एवढं लक्षात ठेवून तराजूवर टाकलं की आकडा कशाचा ते कळतं. पण नाव सापडलं नाही म्हणून अडत काहीच नाही. फिनलंडमध्ये 1936 साली लाउरी रापाला या मच्छीमाराने बुचाचं लाकूड चाकूने तासून पहिला ल्यूर केला. वरून चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वितळवलेल्या फोटोच्या निगेटिव्हचा थर दिला. त्याचं निरीक्षण साधं होतं. शिकारी मासा थव्यातल्या धडधाकट माशांना सोडून झोकांडत चाललेल्या एकाच्या मागे लागतो. ते झोकांडणं त्याने लाकडात आणलं. पुढे त्याच्या नावाची जगभर कंपनी झाली, पण मासा फसला तो चालीला.

ही चाल ठरते ओठावरून. ल्यूरच्या तोंडाखाली जी पातळ पट्टी पुढे आलेली असते, तिला ओठ म्हणू. ओढताना पाणी या तिरक्या पट्टीवर आदळतं आणि डोकं खाली दाबलं जातं. ओठ लांब आणि अंगाच्या जवळजवळ सरळ रेषेत पुढे आलेला असेल तर ल्यूर खोल बुडी मारणारा. ओठ आखूड आणि खाली उभा वळलेला असेल तर तो वरच्या थरातच चालतो. तंगूस बांधायचा डोळाही बघा. तो नाकावर असेल तर उथळ, ओठाच्या मधोमध असेल तर खोल. ही दोन लक्षणं एकमेकांना दुजोरा देत असतील तर खोलीचा अंदाज सहसा चुकत नाही. माशांचे अभ्यासकही मेलेला अनोळखी मासा हाती आला की असंच करतात: तोंड खाली वळलेलं असेल तर तळावर चरणारा, वर वळलेलं असेल तर पृष्ठभागावरचं टिपणारा. शरीर कुठे जगलं ते शरीरावरच लिहिलेलं असतं.

ओठाच्या कडांवरून पाणी सरळ वाहत नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे भोवरे आळीपाळीने सुटतात आणि प्रत्येक भोवरा डोक्याला आपल्या बाजूला खेचतो. पोटात बसवलेलं वजन आणि खालचे गळ त्याला पुन्हा सरळ करतात. या ओढाताणीतून ती थरथर निर्माण होते. ढोबळ हिशेब करता येतो. वल्ह्याची होडी ताशी साडेतीन किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटरने चालली आणि ओठ दोन सेंटिमीटर रुंद असला, तर सेकंदाला दहाच्या आसपास झोके बसतात. ओठ रुंद तर झोके संथ आणि मोठे, अरुंद तर झपझप आणि बारीक. अंगाचे दोन तुकडे कडीने जोडलेले असतील तर तो ल्यूर अगदी हळू ओढला तरी वळवळतो. वल्हं मारणाऱ्यासाठी तोच बरा.

हे झोके मासा डोळ्यांनी बघतोच, पण अंगानेही टिपतो. माशाच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ दिसते, ती पार्श्वरेखा. तिच्यातल्या बारीक केसांसारख्या पेशी आसपासच्या पाण्याची हालचाल ओळखतात. तिचा पल्ला फार नसतो, साधारण माशाच्या स्वतःच्या एक-दोन लांबीएवढा. पण गढूळ पाण्यात अखेरची झडप तिच्याच भरवशावर पडते. महाशीर आणि शिवड्याच्या कुळांना आणखी एक देणगी आहे: हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत जाणारी छोट्या हाडांची साखळी. त्यामुळे ते इतर बऱ्याच माशांपेक्षा चांगलं ऐकतात. म्हणून ल्यूर कानाशी धरून हलवा. आतून गोळ्यांची खुळखुळ आली तर पावसाळी पाण्यात त्याचा उपयोग होईल. खुळखुळीऐवजी एकच जड गोळा शेपटीपासून डोक्याकडे घरंगळला, तर तो ल्यूर काठावरून लांब फेकण्यासाठी केलेला आहे. होडीमागे तोही चालतो, फक्त त्या सोयीचे पैसे फुकट जातात.

रंगाबद्दल विक्रेते भरपूर सांगतील. पाणी तांबडा प्रकाश आधी गिळतं. स्वच्छ पाण्यातही काही मीटर खाली लाल रंग काळपट दिसू लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीची माती धुऊन आणणाऱ्या पाण्यात तर रंगाचा प्रश्नच संपतो. तिथे उरतो फक्त फिकट-गडद यांतला फरक. पाठ काळी आणि पोट पांढरं एवढं शाबूत असेल, तर रंग उडालेला ल्यूर टाकाऊ समजू नका.

घरी बादली भरून घ्या. ल्यूर गळांसकट पाण्यात सोडला की तीन शक्यता: तरंगेल, बुडेल किंवा मधेच लोंबकळेल. तरंगणारा ओढल्यावर बुडी मारतो आणि होडी थांबली की वर येतो. आपल्या धरणांच्या तळाशी बुडालेल्या झाडांची खोडं आहेत, तिथे हा गुण लाखमोलाचा. मधेच लोंबकळणाऱ्याबाबत मात्र एक बारकावा आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. वीस ग्रॅमचा जो ल्यूर समुद्रात मधेच लोंबकळतो, त्याला गोड्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमचा आधार कमी पडतो आणि तो सावकाश बुडतो. गळ एक नंबर बारीक लावला की तेवढं वजन भरून निघतं.

वेगाचा हिशेब इथूनच सुरू होतो, आणि बहुतेकांचा गोंधळही इथेच होतो. होडी जोरात चालवली की ल्यूर आणखी खोल जाईल असं वाटतं. पण वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो, आणि तो ओठावर वाढतो तसाच मागे ताणलेल्या तंगुसावरही वाढतो. एक डोकं खाली दाबतो, दुसरा सगळंच वर खेचतो. दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढल्यामुळे तरंगणाऱ्या ओठवाल्या ल्यूरची खोली एका मर्यादेनंतर वेगाने फारशी बदलत नाही. ती बदलायची तर तंगूस बारीक घ्या. जाडी कमी म्हणजे ओढ कमी. किंवा तंगूस जास्त सोडा. पण तेही ठरावीक लांबीपर्यंतच कामी येतं, पुढे तंगुसाची स्वतःची ओढ आड येते. चमच्यासारख्या बुडणाऱ्या ल्यूरचं गणित उलटं. त्याला खाली नेतं त्याचं वजन, आणि वजन वेगाबरोबर वाढत नाही. म्हणून जोरात ओढला की तो वर येतो, हळू केला की खाली बसतो.

चमचा हा ल्यूरमधला जुना गडी. अमेरिकेत ज्युलिओ ब्युएलने 1852 साली त्याचं पेटंट घेतलं. जेवताना हातातला चमचा तळ्यात पडला आणि माशाने तो धरला, अशी त्याची कथा सांगतात. कथा म्हणून छान आहे. बिननावाचा चमचा पारखताना जाडी बघा. पातळ पत्र्याचा चमचा ट्रोलिंगचा, कारण त्याला खाली न्यायचं काम तंगुसावरचं शिसं करतं आणि तो हळू वेगातही लहरतो. जाड, वजनदार चमचा फेकायचा. तो होडीमागे बांधला तर वेग कमी पडला की नुसता लोळतो. लोहचुंबक चिकटला तर पोलादी, नाही चिकटला तर बहुधा पितळ किंवा तांबं. शिशाचा संशय आला तर वजन करून पाण्यात बुडवा आणि किती पाणी सरकलं ते मोजा. एका घन सेंटिमीटरला 11 ग्रॅमच्या पुढे आकडा गेला तर शिसं, साडेआठच्या आसपास आला तर पितळ. शिशाचा नग लहान मुलांच्या हाती देऊ नका आणि पिण्याच्या पाण्यात सोडू नका. त्याच धरणांचं पाणी शहरांच्या नळाला येतं.

ढिगात आणखी एक प्रकार हमखास सापडतो: ओठ नाही, डोक्याच्या आरपार भोक आणि मागे रबराच्या किंवा प्लास्टिकच्या झिरमिळ्यांचा झगा. हा खोल समुद्रातला. तंगूस त्या भोकातून ओवून मागे गळ बांधतात. पुढून खोलगट असेल तर तो पाणी उडवतो आणि बुडबुड्यांची रेघ सोडतो. टोकदार असेल तर लाटांतही पाण्याखाली सरळ चालतो. त्याला ताशी दहा-पंधरा किलोमीटर वेग लागतो. बारवीच्या पाण्यात वल्ह्याने ओढला तर तो मेल्यासारखा लटकेल. स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

मग ताकद. जुन्या ल्यूरमध्ये दगा देतो तो गळ. समुद्रात वापरून न धुतलेला गळ वरून चकचकीत असतो आणि वाकणापाशी आतून खाल्लेला असतो. महाशीरच्या जबड्यात दात नसतात, पण घशात असतात, आणि त्याच्या तोंडाची चिरडण्याची ताकद जबर आहे. हेन्री सलिव्हन थॉमसने ‘द रॉड इन इंडिया’ 1873 साली लिहिलं तेव्हापासून भारतातले गळवाले महाशीरने वाकवलेल्या आणि मोडलेल्या गळांची रडगाणी गात आले आहेत. तेव्हा गळ आणि दोन वेढ्यांच्या कड्या सरसकट नव्या घाला, पण जुन्याच वजनाच्या, नाहीतर चाल बिघडते. पुढचा डोळा पक्कडीत धरून हलवा. आतून अखंड तार शेपटीपर्यंत गेली असेल तर तो हलत नाही. लाकडात नुसता स्क्रू पिळलेला असेल तर भोक कुजून तो सैल झालेला असतो. प्लास्टिकवर वितळल्यासारखा चट्टा दिसला तर तो ल्यूर मऊ रबरी आमिषासोबत एकाच डब्यात पडून होता. त्या रबरातलं तेलकट रसायन कडक प्लास्टिक खातं. चट्टा ओठावर नसेल तर काम भागतं.

आता चालवून बघणं. ल्यूर होडीच्या कडेला हातभर तंगुसावर धरून ओढा. सरळ येत झुलत असेल तर ठीक. आपल्याकडे तोंड करून येताना तो डावीकडे पळत असेल तर डोळा पक्कडीने केसभर उजवीकडे वाकवा. उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. आवळून मारलेली गाठ चाल मारते, म्हणून फासाची सैल गाठ मारा. वेग हळूहळू वाढवत न्या आणि कुठल्या वेगाला तो उलटा पडतो ते बघून ठेवा. त्याच्या थोडं खालचा वेग हा त्याचा वेग. खोली मोजायला यंत्र लागत नाही. उतरत्या तळाच्या काठाजवळ वजन बांधलेल्या दोरीने पाणी मोजून घ्या आणि खोलाकडून उथळाकडे ल्यूर ओढत या. जिथे तो तळाला टकटक करू लागेल, तेवढी त्याची खोली. तंगूस किती सोडला होता तेही सोबत लिहा आणि तीच चिठ्ठी ल्यूरच्या डब्यात टाका.

पाण्यात उतरण्याआधी परवानगी. धरणांमधली मासेमारी सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, तानसा तर अभयारण्यात मोडतं, आणि समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. महाशीर लागला तर सोडून द्या. टाटा पॉवर कंपनी लोणावळ्याजवळच्या वळवण इथे 1970च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून नद्यांमध्ये सोडते आहे, यावरून त्याची अवस्था समजावी. सोडायचाच असेल तर तीन टोकांच्या गळाऐवजी एक टोकाचा गळ लावा आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. खोडात अडकलेला ल्यूर तंगूस कापून तसाच सोडू नका. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच खोडापाशी गुरं पाण्यावर येतात.