सीव्हीडी नकली नाही, एडी हिरा नाही

लग्नसराई आली की सुरतेच्या लिंबायत-उधन्यातल्या खान्देशी घरांत एक सल्ला हमखास ऐकू येतो: “सीव्हीडी घेऊ नका हो, ती एडीच असते.” सल्ला देणारा हिऱ्यांच्या सुरतेतच राहतो, म्हणून जास्त चीड येते.

एडी म्हणजे अमेरिकन डायमंड. तो अमेरिकन नाही आणि डायमंड तर नाहीच. झिर्कोनियम ऑक्साइडचा खडा आहे. (जुन्या रजिस्टर्ड एडी टपालातला एडी वेगळा, तो पोचपावतीचा.) सीव्हीडी म्हणजे केमिकल व्हेपर डिपॉझिशन. बंद भट्टीत हिऱ्याच्या पातळ चकतीवर मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, मायक्रोवेव्हने त्यांचा प्लाझ्मा करतात आणि चकतीवर कार्बनचे थर चढत जातात. काही आठवड्यांनी बाहेर येतो तो खाणीतल्यासारखाच हिरा: तोच कार्बन, तीच रचना, तोच कठीणपणा. घनता दोघांचीही ३.५२ च्या आसपास. एडीची साडेपाचच्या पुढे, म्हणजे तेवढ्याच आकाराचा एडी जड भरतो. सोनाराकडचं पेनासारखं टेस्टर उष्णतावहन तपासतं. ते एडीला नापास करतं, सीव्हीडीला पास. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्दच काढला. आणखी काय पुरावा हवा?

“मग खाणीतला म्हणून विकला तर काय बिघडलं?” बिघडलं ना! लॅबच्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळलेत. हिरा खरा असला तरी खाणीतल्याच्या भावाने विकणं ही फसवणूकच. त्याच कमिशनने हिरा प्रयोगशाळेतला आहे हे सांगण्याचं बंधन कायम ठेवलंय. आणि हा फरक टेस्टर सांगत नाही, त्याला प्रयोगशाळेतली यंत्रं लागतात.

खरी गोची एचपीएचटीची. उच्च दाब, उच्च तापमान. हिरा घडवायची ही दुसरी रीत; पण खाणीतल्या तपकिरी हिऱ्याचा रंग उजळायलाही हीच वापरतात, आणि सीव्हीडीचा रंग सुधारायलाही. तेव्हा सर्टिफिकेटवर ही अक्षरं दिसली की लगेच ‘कारखान्याचा माल’ म्हणू नका, शेजारचे शब्द वाचा. हिरा घडवलाय की त्यावर प्रक्रिया केलीय, ते तिथेच कळतं. बाजारात तर लॅबच्या कुठल्याही हिऱ्याला सर्रास सीव्हीडी म्हणतात, मग तो एचपीएचटीने घडवलेला का असेना. म्हणून बिलावर ‘नॅचरल डायमंड’ किंवा ‘लॅबोरेटरी-ग्रोन डायमंड’ असं पूर्ण लिहून घ्या.

बाकीचे किरकोळ गैरसमज. व्हीव्हीएस हा फक्त क्लॅरिटीचा दर्जा, त्यावरून रंग आणि कट कळत नाही. क्लॅरिटीतलाच एसआय म्हणजे खराब माल नव्हे. दोष भिंगाखाली दिसतात, नुसत्या डोळ्यांना बहुधा नाही. डॉक्टरांच्या कागदावरचं सीव्हीडी हृदयाचं आणि रक्तवाहिन्यांचं दुखणं असतं.