सी ड्राइव्हवरचं बिऱ्हाड (लेखांक ९)

"सर, सकाळपासून दोन सातबारे काढलेत फक्त. दीड जीबीचा पॅक गेला कुठं?"

शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावरच्या गावांत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात बसलात, तर हा प्रश्न कानावर येणारच. अशा दुकानात मालकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट हाच इंटरनेटचा नळ असतो. मालकाला न विचारता तो सोडून बसणारा बहुतेक वेळा विंडोजचा अपडेट निघतो.

अपडेट उतरणं आणि अपडेट बसणं ही दोन वेगळी कामं आहेत. दौंड जंक्शनला साइडिंगवर उभी असलेली मालगाडी आठवा. माल येऊन पडलेला असतो, सिग्नल मिळाला की गाडी हलणार. उतरलेला अपडेट तसाच सी ड्राइव्हवर उभा राहतो, आणि त्याचा सिग्नल म्हणजे तुमचा रीस्टार्ट. तोवर तुमचा डाटाही गेलेला असतो आणि जागाही.

ही तक्रार जगभर गाजली ती २०१५ मध्ये. विंडोज १० त्या वर्षी २९ जुलैला आलं आणि विंडोज ७ व ८.१ वाल्यांना वर्षभर फुकट देऊ केलं गेलं. ज्यांनी ते मागितलंच नव्हतं, त्यांच्याही कॉम्प्युटरवर साडेतीन ते सहा जीबीच्या फाइल्स एका लपलेल्या फोल्डरमध्ये येऊन बसल्या. अपडेट आपोआप घेण्याची सोय चालू असेल तर पुढची तयारी म्हणून आम्ही त्या उतरवून ठेवतो, असं मायक्रोसॉफ्टने त्याच सप्टेंबरात मान्य केलं. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंच्या कॉम्प्युटरवर हे अपग्रेड आपणहून चढायला गेलं, फसलं आणि मशीनच रखडलं. त्या कोर्टात गेल्या आणि त्यांना १० हजार डॉलर मिळाले. आपल्याकडे मात्र पुढचा रिचार्ज मारून विषय संपला!

ते फोल्डर आजही दिसू शकतं. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करा आणि सी ड्राइव्ह उघडा. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारं, 'विंडोज' असं नाव असलेलं आणि शेवटी 'बीटी' ही अक्षरं असलेलं फोल्डर दिसलं, तर मोठ्या अपग्रेडचं सामान आलेलं आहे असं समजा. दर महिन्याच्या छोट्या अपडेटचं बिऱ्हाड वेगळीकडे असतं. 'विंडोज' फोल्डरच्या आत 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन' आणि त्याच्या आत 'डाउनलोड'.

बीटीवालं फोल्डर हाताने डिलीट करायला गेलात तर परवानगी नाही म्हणून कॉम्प्युटर अडून बसेल. त्याच्याशी झटापट नको. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज आणि मग टेम्पररी फाइल्स, या वाटेने जा. यादी तयार व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो. यादीत 'टेम्पररी विंडोज इन्स्टॉलेशन फाइल्स', 'विंडोज अपडेट क्लीनअप' आणि 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स' यांच्यावर टिक करा. त्याच यादीत 'डाउनलोड्स' असंही एक नाव असतं, त्याला चुकूनही हात लावू नका. गिऱ्हाइकांचे दाखले, हॉल तिकिटं, पावत्या तिथेच असतात. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' पुसलंत, तर जुन्या आवृत्तीवर परत जायची वाट बंद होते. तशीही ती वाट साधारण १० दिवसच उघडी असते.

'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन'मधला माल काढायचा, तर आधी अपडेटची सेवा थांबवावी लागते. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, यादीतलं 'विंडोज अपडेट' 'स्टॉप' करा, मग 'डाउनलोड' फोल्डरच्या फक्त आतल्या फाइल्स पुसा आणि सेवा पुन्हा सुरू करा. पण त्याआधी विंडोज अपडेटचं पान उघडून पाहा. तिथे रीस्टार्टची वाट पाहत असलेला मासिक सुरक्षा अपडेट दिसत असेल, तर तो बसू द्या. पुसलात तर कॉम्प्युटर तोच पुन्हा उतरवणार, म्हणजे एकाच मालाचं भाडं दोनदा. 'विनएसएक्सएस' हे फोल्डर दिसायला अवाढव्य असतं, पण ते हाताने पुसायचं नाही. विंडोजचे सुटे भाग त्यातच असतात.

यूट्यूबवाले अपडेटची सेवा कायमची बंद करायला सांगतात. मला ते पटत नाही. ज्या मशीनवर रोज लोकांचे आधार नंबर आणि बँकेची खाती उघडतात, त्याला सुरक्षेचे अपडेट हवेतच. नको असते ती नवी आवृत्ती, आणि तीसुद्धा ऐन ॲडमिशनच्या गर्दीत. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर अपडेटच येत नाहीत म्हणून खूश होणारे मला भेटलेत. गळका नळ नको म्हणून विहीरच बुजवण्यातला प्रकार.

पॅक वाचवायचा खरा उपाय दोन मिनिटांचा आहे. हॉटस्पॉटला जोडलेले असताना त्या नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. बहुतेक अपडेट मग आपोआप उतरत नाहीत. शिवाय अपडेटच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये मीटर्ड कनेक्शनवरूनही अपडेट उतरवण्याची परवानगी देणारं बटण असतं, ते बंद आहे ना हे पाहा. तिथेच 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये दुसऱ्या कॉम्प्युटरशी देवाणघेवाण चालू असेल, तर तीही बंद करा. नाहीतर तुमच्या पॅकमधून परक्याला अपडेट पोचवण्याचं पुण्य लागायचं. महिन्याचे थोरले अपडेट रविवारी घरच्या किंवा शेजारच्या वाय-फायवर बसून उरकावेत.

एक गोष्ट हमखास राहते. 'मीटर्ड'ची खूण नेटवर्कच्या नावाला चिकटलेली असते, कॉम्प्युटरला नाही. सोमवारी वडिलांच्या फोनचा हॉटस्पॉट आणि मंगळवारी पुतण्याच्या फोनचा, असं चालत असेल, तर पुतण्याच्या फोनसाठी ती वेगळी लावावी लागते.