आजीची डाळ आणि गेंड्याची मान

हरभऱ्याच्या डाळीत तुरीच्या डाळीचे चार दाणे टाका आणि आजीला म्हणा, "आता शोध बरं!" आमच्या यवतमाळकडच्या आजीचा जन्म तुरीच्या शेतात गेलेला. ती चष्मा सावरेल, सुपात डाळ पसरेल आणि चारही दाणे काढून दाखवेल.

गळ्याचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांपुढेही असंच कोडं असतं. फक्त तिथं चुकलेला दाणा वरणात खपून जात नाही!

आपल्या गळ्यात फुलपाखरासारखी थायरॉइड ग्रंथी असते. तिच्या पाठीला बहुधा चार बारक्या, पिवळट ग्रंथी चिकटलेल्या असतात. नाव पॅराथायरॉइड. एकेकीचं वजन जेमतेम 30 ते 50 मिलिग्रॅम, आणि भोवतीची चरबीही पिवळीच. त्यातून एखादी खट्याळ ग्रंथी घर सोडून खाली छातीत जाऊन बसलेली असते. शोधा म्हणावं!

काम मात्र मोठं. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की या ग्रंथी हाडांच्या तिजोरीतून थोडं काढायला लावतात. थायरॉइड काढताना याही गेल्या, तर ओठांभोवती नि बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात.

म्हणून डॉक्टर त्यांना रक्त पोचवणारी केसासारखी वाहिनीही जपतात. ती तुटलीच तर? ग्रंथी फेकायची नाही. तिचे मिलिमीटरभर तुकडे करून मानेच्या स्नायूत खोचायचे. मिरचीचं रोप दुसऱ्या वाफ्यात जीव धरतं ना, तसे तेही काही आठवड्यांत कामाला लागतात.

या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या कुणाच्या गळ्यात, सांगा? गेंड्याच्या! तोही आपला भारतीय, एकशिंगी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो 1849 मध्ये मेला, तेव्हा रिचर्ड ओवेन यांनी त्याची चिरफाड केली. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारे तेच हे ओवेन. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन पुढं 1880 मध्ये ईवार सँडस्ट्रॉम या स्वीडनच्या तरुणानं छापलं.

आता खरी गंमत. मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेल्या अनिता महादेवन-जॅन्सन अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात संशोधन करतात. त्यांच्या गटाला दिसलं, की अवरक्त प्रकाश टाकला की या ग्रंथी थायरॉइडपेक्षा जास्त चमकतात. कसला रंग नको, औषध नको! 2018 मध्ये अमेरिकेत ही चमक टिपणाऱ्या यंत्रांना परवानगीही मिळाली. पण ती सगळीकडे नसतात. बहुतेक ठिकाणी अजून डॉक्टरांची नजर आणि सराव, म्हणजे आजीचीच विद्या.

हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. टीव्हीच्या रिमोटचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. ठिपका लुकलुकला? तो अवरक्त प्रकाशच.

ग्रंथी त्यात का चमकतात, हे मात्र शास्त्रज्ञांना अजून नीट उलगडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला उलगडलं, तर आधी मला कळवा हं!