पेव, पांढर आणि पेन्सिलची चिठ्ठी

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. माधवनगरहून रोज सायकलनं जायचे. "पोत्यावरची चिठ्ठी गेली की माल बेवारस," हे त्यांचं वाक्य ऐकतच मी वाढले. पुढं पुरातत्त्वाच्या एम.ए.ला विद्यावेतन मिळालं आणि पहिल्यांदा उत्खननावर गेले, तेव्हा सरांनी पहिल्याच सकाळी जवळजवळ हेच सांगितलं. पोत्याच्या जागी फक्त खापर होतं.

उत्खनन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सोन्याचा हंडा येतो. आमच्या वाट्याला दात घासायचा ब्रश आला. खड्ड्यातून वर आलेली खापरं घमेल्यात भिजवायची, ब्रशनं घासायची, थराप्रमाणे वेगवेगळ्या चटयांवर वाळवायची आणि प्रत्येक खापराच्या आतल्या बाजूला बारीक टाकानं काळ्या शाईत खुणा करायच्या: जागेचं नाव, खड्ड्याचा क्रमांक, थर. पिशवीत चिठ्ठी टाकायची ती मात्र पेन्सिलनं लिहिलेली, कारण शाई ओलीला पसरते, पेन्सिल टिकते. दिवसाला चारपाचशे खापरं व्हायची. रात्री डोळे मिटले तरी आकडे दिसत.

आम्ही खणत होतो त्या टेकाडाला गावातली माणसं 'पांढर' म्हणायची. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंती मुरून माती पांढुरकी होते, आणि ती खत म्हणून शेतात चांगली चालते. दख्खनातली कितीतरी टेकाडं अशी गाडीगाडीनं शेतात गेली आहेत. आमच्याकडं कामाला येणाऱ्या एका आजी म्हणाल्या, "बाई, माज्या सासऱ्यानं हितनंच धा गाड्या नेल्या. तवा तुमी कुटं व्हता?" मला उत्तर सुचलं नाही.

एका दुपारी खड्ड्यात गोल काळपट डाग दिसला. तोंड अरुंद, खाली पोट सुटलेलं. पुण्यामुंबईची मुलं तर्क लढवत होती, कुणी कचऱ्याचा खड्डा म्हणालं, कुणी भट्टी. मी वाकून पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, हे पेव आहे!" सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं मी लहानपणी पाहिली होती. जमिनीत खोल खणलेली, तळाला पाला-गवत घातलेली, तोंड मातीनं बंद केलेली. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत. आतली हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरून जातो, म्हणून काही तास उघडं ठेवतात. सरांनी सगळं ऐकून घेतलं, वहीत उतरवून ठेवलं, आणि मग म्हणाले, "आता पुरावा शोध." तळाची माती चाळायला घेतली आणि जळके दाणे निघाले. त्या दिवशी मी वडिलांना पोस्टकार्ड लिहिलं. हरिपूरची पुष्कळशी पेवं २००५ च्या महापुरात गेली. ती धडपणी पाहायला मिळाली याचं मला आज जास्त मोल वाटतं.

त्याच हंगामात माझ्या हातून चूक झाली. संध्याकाळी वावटळ उठली आणि दोन चटयांवरच्या चिठ्ठ्या उडाल्या. खापरांवर अजून खुणा केल्या नव्हत्या. मी अंदाजानं चिठ्ठ्या परत ठेवायला निघाले, इतक्यात सरांनी हात धरला. ओरडले नाहीत. दोन्ही ढीग एका गोणीत भरायला लावले आणि वर माझ्याच हातानं लिहून घेतलं: 'थर अज्ञात'. आठ दिवसांचं काम होतं. मी तंबूत जाऊन रडले.

पुढं दायमाबादच्या उत्खननाचं वाचलं तेव्हा ती गोणी आठवली. दायमाबाद पहिल्यांदा १९५८-५९ मध्ये खणलं म. न. देशपांडे यांनी. ते आमच्या साताऱ्याकडचे, रहिमतपूरचे. सांगलीहून पुण्याला निघालेली गाडी त्यांच्या गावावरूनच जाते. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरनं १९४४ मध्ये तक्षशिलेला विद्यार्थ्यांसाठी उत्खननाची शाळा काढली आणि प्रत्येक थराला क्रमांक, प्रत्येक वस्तूला जागा अशी शिस्त लावली. देशपांडे त्या शिस्तीच्या पिढीतले. १९७२ ते १९७८ ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. त्याच काळात, १९७४ मध्ये, दायमाबादला एका भिल्ल माणसाला झाडाचं खोड खणून काढताना काशाच्या चार जड मूर्ती सापडल्या: रथ, हत्ती, गेंडा, रेडा. देखण्या आहेत, डोळ्यांत पाणी यावं इतक्या. पण त्या थरातून मोजून निघालेल्या नसल्यामुळं त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे.

आणि इनामगाव पाहा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ एवढी वर्षं खणलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० पर्यंतची वस्ती. तिथं मोठ्या माणसांना घरातच पुरत आणि पुरताना घोट्याखाली पाय तोडत. चार पायांच्या एका मातीच्या रांजणात मात्र बसवलेला पुरुष मिळाला, पाय शाबूत असलेला. हाडं नुसती गोळा करून आणली असती, तर पाय नेमके कुणाला होते आणि कुणाला नव्हते, हे कोण सांगणार होतं?

शिक्षण संपल्यावर एका संग्रहालयाच्या कोठारात सहा महिने नोंदी केल्या. वाळवीनं खाल्लेली रजिस्टरं, एकाच क्रमांकाच्या तीन वस्तू, क्रमांकच नसलेल्या चौदा पेट्या. तिथं मला अमेरिकेच्या मेसा व्हर्डेचा हेवा वाटायचा. १९०६ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं तेच मुळी प्राचीन वस्त्या जपायला. उद्यानाचा स्वतःचा वस्तुसंग्रह आहे. आपल्या चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आत प्रचितगड आहे, उठवलेल्या गावांची जोती आहेत. वाघाच्या पावलांची नोंद होते, ती व्हायलाच हवी. पण त्या जोत्यांवरच्या जात्याची, उखळाची नोंद करायला शिराळ्याच्या कॉलेजातली दोन मुलं विद्यावेतनावर पाठवायला किती खर्च येईल? मी हे तीन वेळा लिहून दिलं आहे. चौथ्यांदाही देईन.

त्या कोठारातल्या शेवटच्या पेटीत एक कापडी पिशवी होती. आत सात मणी आणि घडी घातलेला कागद. कडा कुरतडलेल्या, पेन्सिल मात्र स्वच्छ. कुणा विद्यार्थ्याचं घाईचं अक्षर: 'खड्डा २, थर ४, चुलीच्या उजव्या बाजूस. पाऊस आला, उरलेलं उद्या.'

मी ते जसंच्या तसं रजिस्टरात उतरवलं, पावसासकट. मण्यांना क्रमांक दिले आणि चिठ्ठी पुन्हा पिशवीत ठेवली.