गवत कोणी काढायचं?

ब्रह्मदेशातून हद्दपार झालेल्या थिबा राजाला रत्नागिरीच्या मातीत जायला सव्वादोन वर्षं लागली. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला, पुरला गेला मार्च १९१९ मध्ये. मधल्या काळात त्याची शवपेटी राजवाड्याच्या आवारातच ठेवलेली होती, आणि १९१२ साली वारलेल्या धाकट्या राणीची, सुपयागलेचीही. पट्टराणी सुपयालत हटून बसली होती की दफन होईल ते ब्रह्मदेशात. इंग्रज सरकारला नेमकं तेच नको होतं. अखेर सरकारने ख्रिस्ती दफनभूमीला लागून जमिनीचा एक लहान तुकडा घेतला, भोवती भिंत घातली आणि दोघांना तिथे पुरलं. त्याच वर्षी सुपयालत रंगूनला निघून गेली. कबरी इथे राहिल्या, त्यांच्याकडे बघणारं माणूस गेलं.

थोरली राजकन्या मात्र परत आली. राजवाड्यावरच्या पहारेकऱ्यापासून तिला झालेली मुलगी, टूटू, मराठी बोलत, हलाखीत, अगदी रत्नागिरीकर होऊन जगली. राजकन्या १९४७ मध्ये वारली, टूटू २००० मध्ये. म्हणजे शेवटच्या ब्रह्मी राजाची नात या गावात राहत होती, तरी आजोबांच्या कबरीभोवतीचं रान काढायची ऐपत तिच्याकडे नव्हती. आणि कायद्याने ते तिचं कामही नव्हतं.

मग कोणाचं होतं? हा प्रश्न एकट्या थिबाचा नाही. कोकणातलं कुठलंही जुनं गाव घ्या. वाडीबाहेर, करवंदीच्या जाळीआड, जांभ्याचे चार चिरे नीट ओळीत दिसतात. माणसं मुंबईला गेली, आफ्रिकेत गेली, आखातात गेली. अलीकडच्या रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएली इस्रायलला गेले आणि हिब्रू कोरलेले दगड मागे राहिले. दापोलीला इंग्रजांचा कॅम्प होता. छावणी उठली, तिथल्या जुन्या चर्चच्या भिंती आणि साहेबांची थडगी उरली. एक पावसाळा चुकवला तरी चौथऱ्यावर शेवाळ धरतं. दोन चुकले की रानमोडी माजते. पुढे पिंपळाचं रोप सांध्यात शिरलं की मग तो चौथरा पिंपळाचाच.

कायद्याची पुस्तकं उघडली तर पहिलं लक्षात येतं की दफनभूमीच्या जमिनीवर कायद्याची चांगली नजर आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीच्या दहाव्या नोंदीत, दफन आणि दहनभूमी हा विषय राज्याकडे दिलेला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी सरकारी जमीन गुरचरण, खळं, बाजार यांच्यासाठी राखून ठेवतात, तशी ती दफनासाठीही ठेवतात. एकदा ठेवली की त्यांच्या मंजुरीशिवाय तिचा दुसरा वापर होत नाही. खाजगी सातबाऱ्यावर अशी जागा आली तर ती पोटखराबा वर्ग (ब) मध्ये जाते. तिच्यावर आकार नाही, लागवडीलाही परवानगी नाही. जिथे आजा-पणजा झोपलाय त्या जागेला महसुली भाषेत पोटखराबा म्हणतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जरा थबकलो होतो. पण नाव कसंही असो, त्या नोंदीमुळेच कित्येक जागा वाचल्या आहेत.

आता झाडलोट. शहरात नगरपरिषद अधिनियम, १९६५, याचं कलम ४९ मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा राखणं हे परिषदेचं कर्तव्य मानतं. गावात ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, याचं कलम ४५ आणि त्याला जोडलेली ग्रामसूची तेच काम पंचायतीकडे देते. वाचायला बरं वाटतं. पण हे कर्तव्य मुख्यतः जिवंत गावाच्या सोयीसाठी आहे: सरण रचायला शेड, पाण्याचा नळ, पोहोचायला रस्ता. जिथे चाळीस वर्षांत कोणाला पुरलं नाही, तिथे पंचायतीने कोयता घेऊन जावं, असं कुठलंही कलम हात धरून सांगत नाही.

फौजदारी कायदाही कामाला येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१ (जुन्या दंडसंहितेचं २९७) दफनाच्या जागेत अतिक्रमण करणाऱ्याला किंवा मृतदेहाची विटंबना करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद सांगतं. पण त्यासाठी भावना दुखावण्याचा हेतू तरी हवा, नाहीतर त्या दुखावतील याची जाणीव तरी हवी. दगड फोडणं गुन्हा ठरू शकतो. दगडावर पिंपळ वाढू देणं हा गुन्हा नाही.

उरतात विश्वस्त. ख्रिस्ती, ज्यू, लिंगायत, गोसावी अशा कोणाचीही दफनभूमी सार्वजनिक न्यासाची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०, लागू होतो. विश्वस्त मेले, परदेशी गेले किंवा झोपले, तर कलम ४७ खाली धर्मादाय आयुक्तांकडून नवे नेमून घेता येतात. कलम ३६ प्रमाणे न्यासाची जमीन आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. माझ्या मते परक्या माणसासाठी हीच वाट सगळ्यांत उपयोगी, कारण गवताबद्दल जाब विचारायला निदान एक नाव तरी मिळतं. अडचण एवढीच की अर्ज करायलाही त्या जागेत हितसंबंध असलेली माणसं लागतात, आणि सोडून दिलेल्या दफनभूमीची व्याख्याच ही की अशी माणसं उरलेली नाहीत.

कब्रस्तानांचं गणित वेगळं आहे आणि नुकतंच पालटलं आहे. वक्फ अधिनियम, १९९५, याच्या कलम १०७ मुळे वक्फची स्थावर जमीन परत मिळवण्याच्या दाव्याला मुदतीचा कायदा लागत नव्हता. कोणी पन्नास वर्षं कब्जा करून बसला, तरी बोर्डाला कोर्टात जाता येई. २०२५ च्या दुरुस्तीने हे कलम बदलून मुदतीचा कायदा लागू केला. वर्षानुवर्षांच्या वापरातून वक्फ ठरण्याची वाटही पुढच्या काळासाठी बंद झाली. आधी नोंदलेल्या जागा, वादात किंवा सरकारी जमिनीत नसतील तर, तशाच राहतात. राजकारणातला धुरळा बाजूला ठेवला तरी याचा एक कोरडा परिणाम उरतो. ज्या कब्रस्तानाकडे जमातीने पाठ फिरवली आणि ज्याचा कागदही केला नाही, त्याच्या बाबतीत आता घड्याळ चालू आहे.

इंग्लंडमध्ये या पेचावर एक अगदी कारकुनी तोडगा काढलेला आहे. चर्चचं आवार दफनासाठी अधिकृतपणे बंद झालं की चर्चची समिती स्थानिक परिषदेला नोटीस देते आणि तीन महिन्यांनी देखभालीचा खर्च परिषदेच्या गळ्यात पडतो. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याचं हे कलम २१५. कळवळा वगैरे काही नाही, फक्त बोजा कोणाकडून कोणाकडे आणि कधी सरकतो ते लिहून ठेवलंय. त्याच इंग्रजांनी हिंदुस्थानात मागे ठेवलेल्या थडग्यांसाठी मात्र १९७६ मध्ये लंडनला एक स्वयंसेवी संस्था काढावी लागली. ‘बॅक्सा’ हे तिचं लघुनाव. ती वर्गणी काढून दुरुस्तीला पैसे देते. आपल्याकडे दफनभूमी ‘बंद’ झाल्याची नोंद झाली, तरी तिच्या देखभालीचं पान कोणाच्या वहीत उघडायचं ते ठरलेलं नाही.

शेवटचा दरवाजा पुरातत्त्वाचा. १९५८ चा केंद्रीय कायदा प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत दफनस्थान हा शब्द स्पष्ट घालतो. अट शंभर वर्षांची. पण शंभरी भरली म्हणजे संरक्षण मिळालं असं नव्हे. सरकारने अधिसूचना काढायची, हरकतींसाठी दोन महिने द्यायचे, मग निर्णय. आणि एकदा संरक्षण मिळालं की २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे भोवतालच्या शंभर मीटरांत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीने. शेजाऱ्यांच्या पोटात गोळा येतो तो इथे. थडगं सापडलं तरी न बोलण्याकडे गावाचा कल असतो, त्यामागे हा हिशेबही असतो.

थिबाच्या नशिबी निराळा योग होता. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन स्वतः रत्नागिरीला येऊन कबरीपुढे उभे राहिले. डिसेंबर २०१६ मध्ये मृत्यूची शंभरी झाली, तेव्हा राजघराण्याचे वंशज आले आणि उपाध्यक्ष, सरसेनापतीही आले. अशा वेळी गवत कोणी काढायचं हा प्रश्न पडत नाही, ते काढलेलं असतं.

समुद्रापलीकडे याचंच उलटं चित्र आहे. शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर ७ नोव्हेंबर १८६२ ला रंगूनमध्ये वारला. जागा ओळखू येऊ नये म्हणून इंग्रजांनी वर हिरवळ लावून टाकली. तरी लोकांनी अंदाजाने जागा धरून दर्गा चालवला, दिवे लावले. १९९१ मध्ये गटार खोदताना खरी, विटांनी बांधलेली कबर सापडली. तोवर तिची काळजी घेणारे अधिसूचनेची वाट बघत थांबले नव्हते.

थिबाची कबर २०१९ मध्ये शंभर वर्षांची झाली. भिंतीपलीकडच्या ख्रिस्ती दफनभूमीत कोणत्याही देशाचा अध्यक्ष येणार नाही. दोन्हीकडे पाऊस मात्र जूनच्या त्याच आठवड्यात सुरू होतो, आणि रानमोडी ऑगस्टपर्यंत भिंतीच्या उंचीला येते.